किशोरवयीन बेसबॉल पिचर्समधील हाताच्या वाढत्या दुखापती : कारणमीमांसा आणि मराठवाड्यातील शालेय क्रीडाक्षेत्रासाठी काही विचार

सारांश

गेल्या काही दशकांत शालेय वयाच्या बेसबॉल पिचर्समध्ये कोपर व खांद्याच्या गंभीर दुखापती वाढल्याचे अमेरिका आणि जपान येथील वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. प्रस्तुत लेखात या वाढीची कारणे शरीररचना, खेळाचे तंत्र आणि स्पर्धांची व्यवस्था या तीन अंगांनी तपासली आहेत. अशी दुखापत एखाद्या दुर्दैवी फेकीमुळे होत नाही. थकलेल्या हाताकडून वारंवार पूर्ण जोराने काम करून घेतल्याची ती परिणती असते आणि ती टाळणे मुख्यतः मोठ्या माणसांच्या हाती असते, असे प्रतिपादन येथे केले आहे. शेवटी छत्रपती संभाजीनगर येथील शालेय व महाविद्यालयीन स्पर्धांच्या संदर्भात, फारशा खर्चाविना अमलात आणता येतील असे काही उपाय सुचविले आहेत.

बीजसंज्ञा : बेसबॉल, सॉफ्टबॉल, पिचर, कोपराचा अस्थिबंध, अतिवापर, शालेय क्रीडा स्पर्धा

१. प्रस्तावना

भारतात बेसबॉल हा क्रिकेटच्या सावलीत वाढलेला खेळ आहे. भारतीय हौशी बेसबॉल महासंघाची स्थापना १९८३ मध्ये झाली. महाराष्ट्रात सॉफ्टबॉल व बेसबॉल हे दोन्ही खेळ शालेय क्रीडा स्पर्धांत समाविष्ट आहेत आणि छत्रपती संभाजीनगर येथील शाळा-महाविद्यालयांत ते नियमित खेळले जातात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि क्रिकेट हे तिन्ही खेळ होणार असल्यामुळे या खेळांकडे वळणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढण्याचीच शक्यता आहे.

ज्या देशांत हा खेळ जुना आहे तेथे मात्र एक चिंतेची बाब समोर आली आहे. कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध, म्हणजे ज्याला बोलण्यात लिगामेंट म्हणतात तो, तुटल्यास त्याच्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागातील कंडरा बसविण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरवर प्रथम केली. त्या वेळी जॉन एकतीस वर्षांचा होता. पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागलेली ही शस्त्रक्रिया प्रौढ व्यावसायिकांसाठी होती. अमेरिकेतील विमा-नोंदींच्या आधारे केलेल्या एका अभ्यासात मात्र २००७ ते २०११ या काळातील अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे ५७ टक्के शस्त्रक्रिया १५ ते १९ या वयोगटातील खेळाडूंवर झाल्याचे आढळले. एकतीस वर्षांच्या व्यावसायिकाचे दुखणे सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यापर्यंत कसे पोहोचले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

आपल्याकडे हा खेळ तुलनेने नवा असल्यामुळे इतरांनी चुका करून मिळविलेले ज्ञान आपल्याला आयते उपलब्ध आहे. त्याचा उपयोग करून घ्यायचा की त्याच चुका नव्याने करायच्या, हे ठरविण्याची वेळ आताच आहे.

२. फेकीच्या वेळी हातात काय घडते?

फेक हाताची असली तरी तिचे बळ पायातून येते. पाय पुढे पडतो, कंबर फिरते, तिच्यामागून धड फिरते, नंतर खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. आसूडाच्या दांड्याला दिलेला झटका जसा टोकापर्यंत वाढत जातो, तसाच वेग या साखळीतून चेंडूपर्यंत पोहोचतो. हात मागे ताणलेल्या अवस्थेत असतानाच धड पुढे निघालेले असते. त्या क्षणी खांदा कमाल मागे वळतो आणि पुढच्या काही शतांश सेकंदांत तो उलट दिशेने फिरतो. या फिरण्याचा कमाल वेग व्यावसायिक पिचरमध्ये सेकंदाला सुमारे सात हजार अंश मोजला गेला आहे. हा वेग टिकून राहिला असता, तर एका सेकंदात एकोणीस पूर्ण फेरे झाले असते.

या हालचालीत कोपराच्या आतील बाजू फाकण्याच्या दिशेने ताणली जाते. प्रौढ व्यावसायिकाच्या कोपरावर येणारा हा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर असल्याचे १९९० च्या दशकातील मोजमापांत आढळले. दुसरीकडे, प्रयोगशाळेत मृतदेहांतील हाच अस्थिबंध ताणून पाहिला असता तो सुमारे ३२ ते ३४ न्यूटन-मीटरला तुटतो, असे दिसून आले. या हिशेबाने प्रत्येक जोरदार फेकीला अस्थिबंध तुटायला हवा. तो तुटत नाही, कारण भाराचा मोठा वाटा कोपराच्या आतील बाजूने मनगटाकडे जाणारे स्नायू उचलतात आणि काही वाटा हाडांची परस्परांत बसलेली रचना उचलते.

पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे. स्नायू ताजे असतात तोवर ते अस्थिबंधाचे संरक्षण करतात. स्नायू थकले की त्यांच्या वाट्याचा भार अस्थिबंधाकडे सरकतो. स्नायूला थकवा कळतो आणि विश्रांतीने तो भरून निघतो. अस्थिबंधाला थकवा 'कळत' नाही. त्याच्या तंतूंमध्ये सूक्ष्म चिरा पडत जातात आणि रक्तपुरवठा मर्यादित असल्यामुळे त्या सावकाश भरून येतात. भरून येण्यापूर्वीच पुढची फेक झाली, तर झीज साठत जाते. म्हणूनच ज्या फेकीला अस्थिबंध तुटतो ती फेक बहुतेकदा शेवटचे निमित्त असते.

३. वाढत्या वयातील हाडांचा प्रश्न

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ वाढीची कूर्चा असते. तेथूनच हाड लांब होते आणि वाढ पूर्ण झाल्यावर ती कूर्चा हाडात रूपांतरित होते. मुलांमध्ये कोपराच्या आतील बाजूची कूर्चा साधारणपणे पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत, तर खांद्यालगतची त्याहूनही दोन-तीन वर्षे उशिरापर्यंत मऊ असते. मुलींमध्ये ही प्रक्रिया काहीशी लवकर पूर्ण होते.

साखळी सर्वांत कमकुवत कडीपाशी तुटते. प्रौढांमध्ये ही कडी अस्थिबंध असतो, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलात ती वाढीची कूर्चा असते. त्यामुळे लहान मुलांत अस्थिबंध तुटण्याऐवजी तो ज्या हाडाला चिकटलेला असतो त्या हाडाचा उंचवटाच कूर्चेपासून ओढला जातो. १९६० मध्ये ब्रॉग्डन आणि क्रो या अमेरिकन डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले आणि तेथील बालखेळाडूंच्या संघटनेच्या नावावरून त्याला 'लिटल लीग एल्बो' असे नाव पडले. खांद्यालगतच्या कूर्चेवर असाच परिणाम झाल्यास त्याला 'लिटल लीग शोल्डर' म्हणतात. कोपराच्या बाहेरील बाजूस हाडे एकमेकांवर दाबली जाऊन कूर्चेचा तुकडा सुटण्याचाही एक विकार आहे. तो आरंभी फारसा दुखत नाही आणि म्हणूनच अधिक धोकादायक ठरतो.

वयानुसार कोपरावरील पीळ किती वाढतो याचेही मोजमाप झाले आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ग्लेन फ्लेसिग व सहकाऱ्यांच्या अभ्यासात बालवयातील पिचर्समध्ये हा पीळ सरासरी २८, माध्यमिक शाळेतील मुलांत ४८, महाविद्यालयीन खेळाडूंत ५५ आणि व्यावसायिकांत ६४ न्यूटन-मीटर आढळला. या चारही गटांत हालचालीचे तंत्र जवळपास सारखे होते. फरक पडला तो मुख्यतः स्नायूंच्या बळात आणि वेगात. म्हणजे मुलगा आठवी-नववीत उंच व बळकट होऊ लागतो, त्याचा चेंडू अचानक 'लागू' लागतो, आणि नेमक्या त्याच काळात त्याच्या कोपरावरील पीळ दुपटीकडे जात असतो. संघाला तो सर्वाधिक हवासा वाटतो तेव्हाच त्याचा हात सर्वाधिक नाजूक अवस्थेत असतो.

४. दुखापती वाढण्याची कारणे

(अ) अतिवापर : फ्लेसिग व सहकाऱ्यांनी ९ ते १४ वयोगटातील ४८१ पिचर्सचा दहा वर्षे पाठपुरावा केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, वर्षात १०० हून अधिक इनिंग पिचिंग करणाऱ्यांमध्ये गंभीर दुखापतीची शक्यता इतरांच्या साडेतीन पट होती. येथे गंभीर दुखापत म्हणजे कोपराची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया अथवा कायमचा खेळ सोडणे. तत्पूर्वी २००६ मध्ये ऑल्सेन व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ९५ तरुण पिचर्सची तुलना दुखापत न झालेल्या ४५ पिचर्सशी केली होती. वर्षात आठ महिन्यांपेक्षा अधिक काळ स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांत धोका पाच पट, तर सामन्यात सरासरी ८० हून अधिक फेकी करणाऱ्यांत सुमारे चार पट आढळला.

(आ) थकलेल्या हाताने फेकणे : याच अभ्यासात हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट आढळली. हा अभ्यास मागील आठवणींवर आधारलेला व मर्यादित संख्येचा असल्यामुळे ३६ हा आकडा तंतोतंत घेऊ नये. मात्र इतर कोणत्याही घटकापेक्षा थकव्याचा संबंध कितीतरी अधिक निघाला, ही बाब दुसऱ्या प्रकरणातील शरीरशास्त्राशी पूर्णपणे जुळते.

(इ) वेगाचा ध्यास : अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने पिचर्सच्या दुखापतींविषयीचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार २००८ मध्ये जलद फेकीचा सरासरी वेग ताशी सुमारे १४७ किलोमीटर होता, तो २०२४ मध्ये सुमारे १५२ पर्यंत गेला. त्याच अहवालानुसार व्यावसायिक पिचर्सवरील कोपराच्या शस्त्रक्रिया २०१० मध्ये १०४ होत्या, त्या २०२४ मध्ये २८१ झाल्या. प्रत्येक फेक कमाल जोराने करण्याची ही पद्धत वरून खाली झिरपते. वेग मोजण्याचे यंत्र स्वस्त झाल्यापासून निवड चाचणीत मुलाची ओळखच त्याच्या वेगाच्या आकड्याने होऊ लागली आहे. वेग वाढविण्यासाठी जड चेंडूंनी सराव करण्याची पद्धतही रूढ झाली. २०१८ मधील एका नियंत्रित प्रयोगात १३ ते १८ वयाच्या मुलांनी सहा आठवडे असा सराव केल्यावर त्यांचा वेग सुमारे तीन टक्क्यांनी वाढला, परंतु त्या गटातील २४ टक्के मुलांना दुखापत झाली. तुलनेसाठी घेतलेल्या गटात एकालाही दुखापत झाली नाही.

वेगाच्या या आकर्षणाचा भारतीय अनुभवही आहे. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोन युवकांची निवड झाली. दोघेही शालेय जीवनात भालाफेक करीत. बेसबॉलचा पूर्वानुभव नसताना केवळ फेकीचा वेग व अचूकता यांवर निवडलेल्या या युवकांना त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने करारबद्ध केले. पटेल २०१० मध्ये मुक्त झाला. सिंगने कनिष्ठ स्तरावर काही हंगाम उल्लेखनीय कामगिरी केली, मात्र २०१३ पासून दुखापतींमुळे त्याचा खेळ खंडित झाला आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. वेग कमावता येतो, पण तो पेलण्यासाठी हाताची घडण वर्षानुवर्षे व्हावी लागते, असा याचा बोध घेता येईल.

(ई) न मोजलेल्या फेकी : सामन्यात फलंदाजाला केलेल्या फेकीच मोजल्या जातात. सामन्यापूर्वीचा सराव, प्रत्येक इनिंगच्या आरंभीच्या फेकी आणि मैदानाबाहेर केलेली तयारी मोजली जात नाही. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या सामन्यांचे निरीक्षण करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सामन्याच्या दिवशी केलेल्या एकूण फेकींपैकी सुमारे ४२ टक्के फेकी कोणत्याही मोजणीत येत नसल्याचे आढळले.

(उ) गैरसमज : वळणारा चेंडू टाकल्याने लहान मुलांचा हात बिघडतो, असा समज सर्वत्र आहे. याबाबतचे अभ्यास एकमुखी नाहीत. प्रयोगशाळेतील मोजमापांत वळणाऱ्या फेकीचा कोपरावरील भार जलद फेकीपेक्षा अधिक आढळलेला नाही. तेव्हा 'तो वळणारा चेंडू टाकत नाही, म्हणजे सुरक्षित आहे' असे मानणे चुकीचे ठरते. शस्त्रक्रियेनंतर हात पूर्वीपेक्षा बळकट होतो, हा दुसरा आणि अधिक घातक समज होय. शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक पिचिंगकडे परतण्यास साधारणतः वर्षभर किंवा अधिक काळ लागतो आणि प्रत्येक खेळाडू पूर्वीच्या पातळीवर परततोच असे नाही.

५. जपानचा अनुभव : शौर्य की अविचार?

जपानमध्ये माध्यमिक शाळांच्या कोशिएन येथील राष्ट्रीय स्पर्धेला राष्ट्रीय उत्सवाचे स्वरूप आहे. ऑगस्ट १९९८ मधील उपान्त्यपूर्व सामन्यात दाइसुके मात्सुझाका याने सतरा इनिंगमध्ये २५० फेकी केल्या. आदल्याच दिवशी त्याने पूर्ण सामना टाकला होता. दोन दिवसांनी त्याने अंतिम सामनाही जिंकून दिला आणि तो देशाचा नायक ठरला. २०११ मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. तेरा वर्षांनंतरच्या शस्त्रक्रियेचे एकमेव कारण तो सामना होता असे म्हणता येणार नाही. मात्र अशा कामगिरीचा गौरव करणाऱ्या संस्कृतीत 'माझा हात दुखतो' असे म्हणणे कोणत्याही मुलाला शक्य नव्हते, हे निश्चित.

जुलै २०१९ मध्ये याच्या उलट घटना घडली. इवाते प्रांतातील ओफुनातो शाळेचा अत्यंत वेगवान पिचर रोकी सासाकी याला, उपान्त्य सामन्यात १२९ फेकी केल्यानंतर, दुसऱ्या दिवशीच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षकांनी खेळविले नाही. संघ हरला आणि कोशिएनची संधी हुकली. शाळेकडे तक्रारींचा वर्षाव झाला, देशभर वादंग माजले. परंतु २०२० पासून तेथील माध्यमिक शालेय बेसबॉलमध्ये एका पिचरने आठवड्यात ५०० पेक्षा अधिक फेकी करू नयेत, असा नियम आला. सासाकी पुढे व्यावसायिक झाला आणि २०२५ मध्ये अमेरिकेत गेला. त्या वर्षी त्याच्या खांद्याने त्रास दिलाच. एका विश्रांतीने हात जन्मभर सुरक्षित होत नाही. तरीही मुलाचा हात सामन्यापेक्षा मोठा आहे असे एका प्रशिक्षकाने कृतीने दाखविले, याचे मोल कमी होत नाही.

६. सॉफ्टबॉल आणि क्रिकेट

आपल्याकडे बेसबॉलपेक्षा सॉफ्टबॉल अधिक रुजलेला असून त्यात मुलींचा सहभाग मोठा आहे. सॉफ्टबॉलमध्ये हात पवनचक्कीप्रमाणे फिरवून चेंडू खालून टाकला जातो. ही हालचाल नैसर्गिक असल्याने तिने दुखापत होत नाही, असे मानून मुलींना एकापाठोपाठ एक सामने खेळविले जातात. मोजमापांनी या समजाला आधार दिलेला नाही. खालून केलेल्या फेकीतही खांद्यावर येणारी ओढ वरून केलेल्या फेकीशी तुल्य असते. दंडाच्या पुढील स्नायूचे कार्य तर खालून फेकताना अधिक तीव्र असल्याचे २००९ च्या एका अभ्यासात दिसून आले. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीच्या खांद्याच्या पुढील बाजूस होणाऱ्या वेदनेचा हा उलगडा आहे.

क्रिकेटमध्ये कोपर सरळ ठेवण्याच्या नियमामुळे गोलंदाजाचे कोपर बऱ्याच अंशी वाचते, परंतु तो भार पाठीच्या कण्यावर जातो. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील ८२ तरुण जलद गोलंदाजांच्या अभ्यासात एका हंगामात ११ टक्के खेळाडूंच्या कण्यात ताणामुळे अस्थिभंग आढळला होता. पुढे इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयानुसार षटकांची मर्यादा घातली. खेळ बदलला की दुखापतीची जागा बदलते, कारण मात्र तेच राहते. वाढत्या शरीराकडून विश्रांतीविना, पूर्ण जोराने, तेच ते काम करून घेतले जाते.

७. छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात

अमेरिकेत वर्षभर चालणाऱ्या खासगी स्पर्धा हे दुखापतींचे एक प्रमुख कारण मानले जाते. आपल्याकडे हंगाम वर्षभराचा नाही. म्हणून आपली मुले सुरक्षित आहेत असे वाटू शकते. परंतु आपल्या व्यवस्थेत धोका वेगळ्या रूपात येतो.

पहिली बाब वेळापत्रकाची. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होऊन तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी हिवाळ्यापर्यंत चालतात. जिल्हा पातळीवरील स्पर्धा बहुधा एक-दोन दिवसांत, बाद पद्धतीने उरकल्या जातात. समजा, पाच इनिंगचे दोन सामने एकाच दिवशी झाले आणि दोन्हींत एकच पिचर खेळला. इनिंगला पंधरा फेकी धरल्या तरी १५० फेकी झाल्या. प्रत्येक इनिंगपूर्वीच्या पाच आणि प्रत्येक सामन्यापूर्वीच्या वीस फेकी मिळविल्यास बेरीज २४० होते. अमेरिकेतील 'पिच स्मार्ट' मार्गदर्शिकेनुसार १५-१६ वर्षांच्या मुलासाठी सामन्यातील फेकींची दिवसाची कमाल मर्यादा ९५ आहे.

दुसरी बाब एकाच हाताने अनेक खेळ खेळण्याची. अनेक खेळ खेळणे मुलांसाठी हितकारक असते, असे क्रीडावैद्यक सांगते. परंतु सॉफ्टबॉल, बेसबॉल, क्रिकेट, हँडबॉल हे सर्व खांद्याचेच खेळ आहेत. ज्या मुलाचा 'हात चांगला' तो या सर्व संघांत असतो, शाळेच्या संघातून सुटला की संघटनेच्या स्पर्धेत जातो आणि रविवारी गल्लीतील टेनिस चेंडूचा सामनाही खेळतो. प्रत्येक संघाचा प्रशिक्षक आपल्यापुरता हिशेब ठेवतो. सर्वांची बेरीज फक्त त्या मुलाच्या हातात होत असते.

तिसरी बाब प्रोत्साहनाची. दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांमधील पात्र खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण या योजनांमुळे ग्रामीण मराठवाड्यातील अनेक कुटुंबांना खेळ ही उन्नतीची वाट वाटते. हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यामुळे एका सामन्यावर मुलाचे, पालकांचे आणि शाळेचे बरेच काही अवलंबून राहते. अशा वेळी हात भरून आला तरी मुलगा ते बोलत नाही. तेल लावून चोळणे, वेदनाशामक फवारा मारणे आणि पुन्हा मैदानात उतरणे हाच क्रम चालू राहतो. दुखणे अंगावर काढण्याला आपल्याकडे सहनशीलता म्हणून मान मिळतो. वेदनाशामकाने वेदना थांबते, झीज थांबत नाही.

८. उपाययोजना

पुढील उपायांना पैशापेक्षा शिस्त अधिक लागते.

१. फेकींची नोंद : गुणलेखकाच्या तक्त्यात प्रत्येक पिचरच्या फेकींसाठी एक रकाना असावा. प्रत्येक खेळाडूने आपली वही ठेवून त्यात सर्व खेळांतील, सरावासह, फेकी लिहाव्यात. शारीरिक शिक्षण शिक्षकाने ती दर आठवड्याला पाहावी.

२. वयानुसार मर्यादा : 'पिच स्मार्ट'नुसार दिवसाची कमाल मर्यादा ९-१० वर्षांसाठी ७५, ११-१२ वर्षांसाठी ८५, १३ ते १६ वर्षांसाठी ९५ आणि १७-१८ वर्षांसाठी १०५ फेकी अशी आहे. १४ वर्षांपर्यंतच्या खेळाडूने ६६ किंवा अधिक फेकी केल्यास चार दिवस, तर १५-१६ वर्षांच्या खेळाडूने ७६ किंवा अधिक फेकी केल्यास चार दिवस पिचिंग करू नये. जिल्हा स्पर्धांच्या नियमावलीत या मर्यादांचा समावेश करता येईल. मर्यादा सर्व संघांना सारखी असली की कोणत्याही प्रशिक्षकाला एकट्याने पराभवाचा धोका पत्करावा लागत नाही.

३. एकाऐवजी तीन पिचर : प्रत्येक संघाने किमान तीन पिचर घडवावेत. पिचिंग केलेल्या खेळाडूस त्याच दिवशी कॅचर म्हणून खेळवू नये, कारण कॅचरलाही जवळपास तितक्याच फेकी कराव्या लागतात.

४. विश्रांतीचे महिने : वर्षातून चार महिने पिचिंग बंद असावे व त्यांपैकी किमान दोन-तीन महिने सलग असावेत, अशी शिफारस आहे. मराठवाड्यात परीक्षांचा काळ आणि त्यानंतरचे कडक ऊन पाहता फेब्रुवारी ते मे हा काळ त्यासाठी आयता उपलब्ध आहे. उन्हाळी शिबिरांत धावणे, फलंदाजी, पाय व कंबरेचे बळ यांवर भर द्यावा.

५. क्रमाक्रमाने आरंभ : विश्रांतीनंतर एकदम सामन्यात उतरू नये. जूनपासून सहा ते आठ आठवड्यांत फेकींची संख्या, अंतर आणि जोर या क्रमाने वाढवावेत.

६. धोक्याची लक्षणे : कोपराच्या आतील बाजूस किंवा खांद्यात वेदना, हात पूर्ण सरळ न होणे, करंगळीत मुंग्या, वेग वा अचूकता अचानक कमी होणे, फेकताना कोपर खाली येणे ही लक्षणे दिसताच पिचिंग थांबवावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढीच्या वयात लवकर थांबलेली बहुतेक दुखणी शस्त्रक्रियेविना बरी होतात.

७. हंगामपूर्व तपासणी : जपानमधील तोकुशिमा प्रांतात डॉक्टर मैदानावर जाऊन बालखेळाडूंच्या कोपरांची तपासणी करतात. त्यामुळे न दुखणारे विकारही आरंभीच सापडतात. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, भौतिकोपचार व शारीरिक शिक्षण महाविद्यालये, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आणि गारखेडा येथील विभागीय क्रीडा संकुल असे सर्व घटक एकाच शहरात आहेत. या संस्थांनी एकत्र येऊन हंगामापूर्वी एक दिवसाचे शिबिर घेणे अवघड नाही.

९. निष्कर्ष

किशोरवयीन पिचर्सच्या दुखापती वाढल्या, त्यामागे आजची मुले पूर्वीपेक्षा दुबळी झाली हे कारण नाही. उलट ती अधिक बळकट झाली आहेत, अधिक वेगाने फेकतात, अधिक सामने खेळतात आणि कमी विश्रांती घेतात. अस्थिबंध व वाढीची कूर्चा यांची सहनशक्ती मात्र स्नायूंच्या बळाच्या प्रमाणात वाढलेली नाही. या दोहोंतील अंतर थकव्याच्या क्षणी दुखापतीच्या रूपाने प्रकट होते.

फेकी किती करायच्या, सामने किती दिवसांत घ्यायचे, कोणाला कधी थांबवायचे हे निर्णय मुलगा घेत नाही. ते संयोजक, प्रशिक्षक, शिक्षक आणि पालक घेतात. म्हणून दुखापतींची जबाबदारीही प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. शालेय स्पर्धेचे पदक काही वर्षांत कपाटात जाते. हाच हात मात्र त्या मुलाला किंवा मुलीला पुढे पन्नास-साठ वर्षे लिहिण्यासाठी, शेतीच्या कामासाठी, संसाराचा भार उचलण्यासाठी वापरायचा असतो. सामना सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षकाने आपल्या पिचरला 'आज हात कसा आहे?' असे विचारावे आणि उत्तर काहीही आले तरी ते शांतपणे ऐकून घ्यावे. या साध्या सवयीपासून आरंभ करता येईल.